‘हिंद स्वराज’मधली ‘सुधारणा’

प्रश्न असा आहे : ‘हिंद स्वराज’च्या मराठी अनुवादात गांधीजी ‘सुधारणे’वर तुटून पडतात. ते समाजसुधारणेच्या विरोधात होते, की अनुवादकाचा शब्द चुकला?

दोन्ही नाही. गांधीजींनी हे पुस्तक नोव्हेंबर १९०९मध्ये, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना, ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर गुजरातीत लिहिले. मूळ शब्द ‘सुधारो’. इंग्रजी भाषांतर त्यांनी स्वतः केले, तिथे त्यासाठी ‘सिव्हिलायझेशन’ येते. आपल्याकडेही ‘सुधारलेली राष्ट्रे’ म्हणताना हाच अर्थ असे. पण आगरकरांच्या ‘सुधारक’ या वृत्तपत्रानंतर (१८८८) ‘सुधारणा’ म्हटले की विधवाविवाह, संमतिवय हेच डोळ्यांपुढे येते. घोळ इथून सुरू होतो.

सहाव्या प्रकरणात ‘सुधारो’ उपरोधाने येतो : पक्की घरे, यंत्रे, भाल्याऐवजी पिस्तूल, म्हणजेच देहसुखाला पुरुषार्थ मानणे. तेराव्यात खरा सुधारो कोणता ते सांगताना गांधीजी शब्दच फोडतात. ‘सु’ म्हणजे चांगला धारो, उलट तो ‘कुधारो’. ही व्युत्पत्ती नव्हे, कोटी आहे. पण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. गुजरातीत ‘धारो’ म्हणजे रीत, नियम, कायदा (‘धारासभा’ आठवा). मराठीत ‘धारा’ म्हणजे शेतसारा, त्यामुळे कोटी मराठीत आणताच मरते.

मग पर्याय काय? हिंदीत ‘सभ्यता’ चालते. मराठीत मात्र ‘सभ्य माणूस’ म्हणजे शिष्टाचार पाळणारा, रेल्वे-वकिलांवरची टीका त्यात मावत नाही. ‘संस्कृती’ तर मुळातच गौरवाचा शब्द, त्यातून उपरोध निघत नाही. म्हणून ‘सुधारणा’च ठेवावी, सहाव्या प्रकरणात अवतरणचिन्हांत घालावी आणि पहिल्याच ठिकाणी तळटीप द्यावी. ‘कुधारणा’ कानाला खटकते, पण तेराव्यात ती हवीच.

गांधीजी सुधारणाविरोधी होते म्हणणाऱ्यांनी त्याच प्रकरणाचा शेवट पाहावा. पुस्तक ‘वाचक’ आणि ‘अधिपती’ (संपादक, म्हणजे गांधीजी) यांच्या संवादाच्या रूपात आहे. तिथे वाचक बालविवाह, बालविधवा, पशुबळी पुढे करतो. हे दोष आहेत, ते काढायचे प्रयत्न पूर्वी झाले आणि पुढेही होतील, असे अधिपती मान्य करतो. म्हणजे आगरकरी अर्थाची सुधारणा तिथे आहेच, फक्त ‘सुधारो’ या नावाखाली नाही.

शंभर वर्षांनी, २०१०मध्ये, सुरेश शर्मा आणि त्रिदीप सुहृद यांनी गुजराती-इंग्रजी चिकित्सक आवृत्ती काढली. ‘वाईट’ सुधारणा कुठली आणि ‘खरी’ कुठली याबद्दल शंका आली, तर आधी तिथले गुजराती वाक्य पाहावे.