वडिलांचा रक्तदाब घरी मोजताना

वडिलांना काहीच त्रास नसताना रक्तदाब वाढलेला कसा, हा तुमचा प्रश्न स्वाभाविक आहे. या विकारात बहुधा लक्षणे नसतात आणि एकच एक कारणही सापडत नाही. वय, आनुवंशिकता, मीठ व वजन यांचा तो एकत्रित परिणाम असतो. माझ्या आईचा रक्तदाब मी गेली बारा वर्षे मोजत आहे, त्यावरून सुरुवातीपुरते सांगतो.

सर्वांत आधी मोजण्याची पद्धत नीट बसवा. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास थांबावे, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकवून व पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, आणि पट्टा सदऱ्याच्या बाहीवर नव्हे तर उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीवर बांधावा. आई मोजताना गप्पा मारत असे आणि आकडा उगाच वाढलेला दिसे. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ किंवा अधिक येत राहिली, तर वही डॉक्टरांना दाखवा.

नवखे लोक दोन चुका हमखास करतात:
- आकडा उतरला म्हणून गोळी परस्पर बंद करतात. तो गोळीमुळेच उतरलेला असतो.
- भाजीतले मीठ कमी करतात, पण पापड-लोणचे चालूच ठेवतात. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे.

छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाल्यास पुन्हा मोजत न बसता १०८ ला फोन करा. औषधांच्या प्रकारांचा अभ्यास आत्ताच नको. आधी आठवडाभराची वही भरू द्या.