इंजिन उघडण्याआधी नोटीस

चोपड्याचे एक वाचक लिहितात:

"वडिलांची, म्हणजे आमच्या आप्पांची, १९८७ सालची हिरो होंडा सीडी १०० आहे. आप्पा तीन वर्षांपूर्वी गेले. आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. जळगावच्या एका गॅरेजला इंजिन पूर्ण बांधायला दिलं. ठरले ११,८०० रुपये, त्यातले ५,००० आगाऊ दिले. 'उरलेले पुढच्या महिन्यात द्या' म्हणत मिस्त्रीने गाडी दिली. अर्ध्या किकमध्ये चालू झाली, विदगावच्या पुलापर्यंत मस्त पळाली. मग डाव्या बाजूने खळखळ सुरू झाली आणि धानोऱ्याच्या पुढे फट् आवाज करून बंद पडली. आता किक मोकळी जाते. छोट्या हत्तीत घालून परत त्याच गॅरेजला टाकली. आमच्या गावचे मिस्त्री म्हणतात, टायमिंग चेन एक दात चुकवून बसवली. गॅरेजवाला म्हणतो, 'चेन तुमनी, आते मना काय दोष?' चेन मी दुकानातून आणून दिली होती हे खरं. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) जुनाच राहू द्या, असंही मीच व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. आता ६,८०० बाकी आणि रोजचे ५० रुपये जागेचं भाडं दिल्याशिवाय गाडी देणार नाही म्हणतो. सोमवारी हेड खोलणार आहे. विश्वासघाताची पोलीस तक्रार करू का? आणि गाडी व्हिंटेज असल्याने भरपाई जास्त मिळेल ना?"

भाऊ, सगळ्यात आधी सोमवारचं बघा. ते हेड तुमच्या गैरहजेरीत उघडलं गेलं, तर पुढे मी सांगतो त्यातलं निम्मं वाया जाईल. तुमच्या केसचा साक्षीदार त्या झाकणाखाली बसला आहे आणि पान्याच्या चार फेऱ्यांत तो फितूर होतो.

इंजिनमध्ये काय बघायचं ते माझ्यासारख्या वकिलाकडून ऐकायला विचित्र वाटेल, पण अशी प्रकरणं लढवताना शिकावं लागलं. टायमिंग चेन खालचा, पिस्टनने फिरणारा क्रँक आणि वरचा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडते. या इंजिनात ती बसवताना मॅग्नेटच्या चक्रावरची 'टी' खूण केसवरच्या खुणेसमोर आणतात, आणि त्याच वेळी वरच्या कॅम स्प्रॉकेटवरचा 'ओ' हेडवरच्या खाचेसमोर यावा लागतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणून 'टी' जुळली आणि 'ओ' भलतीकडेच दिसला, तरी लगेच मोबाइल काढून ओरडू नका. क्रँक हाताने आणखी एक पूर्ण फेरा फिरवून मग बघा. या एका फेऱ्याच्या घाईने सरळ मिस्त्रीवर आरोप झालेले मी पाहिले आहेत.

आता थोडं कडू. तुमचंच पत्र तुमच्या गावच्या मिस्त्रीच्या विरोधात जातं. चेन बसवतानाच दात चुकला असता, तर गाडी अर्ध्या किकमध्ये चालू होऊन विदगावपर्यंत 'मस्त' पळाली नसती. पहिल्या किकपासून कुरकुरली असती, ओढली नसती. आधी चांगली चालली, मग खळखळ, मग फट्. या क्रमाचा अर्थ बहुतेक असा की चेन नीट बसली होती, पुढे सैल पडली आणि दातावरून उडाली. सैल का पडली? एक तर चेनच निकृष्ट असेल, नाही तर जुना टेन्शनर अडकला असेल. आज खुणा एक दात मागेपुढे सापडल्या, तरी तेवढ्यावरून 'बसवताना चुकली' हे सिद्ध होत नाही. उडालेली चेनही तेच चित्र दाखवते. चेन किती सैल आहे, टेन्शनरचा दांडा मोकळा सरकतो का, आतल्या भिंतीवर घासल्याचे ताजे ओरखडे आहेत का, हे सगळं एकत्र बघावं लागतं.

मग मिस्त्री सुटला का? नाही. पूर्ण इंजिन बांधायचं काम त्याने घेतलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं 'टेन्शनर राहू द्या', तरी जाणकाराने निदान 'हा चालणार नाही, जबाबदारी तुमची' एवढं सांगायला हवं. त्याने तसं उत्तर दिलं होतं का, तो चॅट पुन्हा वाचा. दिलं असेल तर तुमची बाजू बरीच लंगडी होते. नुसता अंगठा पाठवला असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतली त्रुटी मांडता येते. तुमचा मेसेज मात्र लपवू नका. तो त्याच्याही फोनमध्ये आहे.

म्हणून ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत दोन सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते) घ्या: गॅरेजवाला आणि चेन विकणारा दुकानदार. दोष पार्टचा निघाला तर मिस्त्री दुकानदाराकडे बोट दाखवेल, बसवण्याचा निघाला तर दुकानदार मिस्त्रीकडे, आणि एकालाच धरलं असेल तर तुम्ही मधल्यामध्ये अडकाल. दुकानदाराची पावती नाही असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. यूपीआयची नोंद, चेनचं वेष्टन, जे असेल ते जपा. बिल न देणं हीसुद्धा याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे.

गाडी अडकवून ठेवण्याबद्दल. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, वस्तूवर ठरल्याप्रमाणे मेहनत किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कलमाखाली दोन उदाहरणं आहेत. जवाहिऱ्याला खडबडीत हिरा पैलू पाडायला दिला, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवू शकतो. आपल्या जळगावच्या सराफ बाजारात हे कुणाला शिकवावं लागत नाही. दुसरं उदाहरण शिंप्याचं. त्याने कोट शिवून होताच द्यायचं आणि पैशाला तीन महिन्यांची मुदत द्यायची असं कबूल केलं, तर त्याला कोट अडवता येत नाही. तुमचा मिस्त्री या शिंप्याच्या जागी आहे. 'उरलेले पुढच्या महिन्यात' म्हणत त्याने गाडी एकदा हातातून सोडली. नंतर ती बिघाड दाखवायला आली, तेव्हा जुन्या बाकीसाठी अडवण्याचा त्याचा हक्क फार कमकुवत आहे. रोजच्या ५० रुपयांबद्दल आधी काही ठरलंच नसेल, तर ते मागायला आधारच नाही.

तरीही व्यवहाराचं सांगतो. ६,८०० रुपयांवरून भांडत बसू नका. यूपीआयने द्या, सोबत 'हक्क अबाधित ठेवून, हरकतीसह' असा मेसेज टाका आणि इंजिन न उघडलेल्या अवस्थेत गाडी ताब्यात घ्या. पैसे दिले म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. गाडी दुसऱ्या, दोघांपैकी कुणाशीही संबंध नसलेल्या गॅरेजला न्या. तिथे ठरल्या दिवशी दोन्ही सामनेवाल्यांना बोलावून हेड उघडा. ते आले नाहीत तर नाही आले. बोलावल्याची पोच तुमच्या हातात असली म्हणजे झालं. पहिल्या नटापासून सलग व्हिडिओ घ्या, मध्ये तोडू नका. ज्या फोनवर घेतला तो फोन विकू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. उघडणाऱ्या मिस्त्रीकडून काय दिसलं ते त्याच्या शब्दांत लिहून सही घ्या. चेन आणि टेन्शनर वेगळ्या पिशवीत सीलबंद ठेवा. गरज वाटल्यास आयोग ते प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

पोलिसांचा नाद सोडा. ठाण्यात 'हे दिवाणी आहे' म्हणून परत पाठवतील आणि ते बरोबर असेल. विश्वासघाताच्या गुन्ह्याला अप्रामाणिक हेतू लागतो. चेन उडाली यात हेतू कुठून आणणार?

तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची. घटना घडल्यापासून दोन वर्षं मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, आणि मोबदला म्हणजे तुम्ही दिलेले पैसे, मागितलेली भरपाई नव्हे. वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः उभे राहू शकता. (हे मी वकील असून सांगतोय.) कायद्यात तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत, पण तेवढ्यावर घरची गणितं बांधू नका. मागणी मजुरी, पार्ट, वाकलेले व्हॉल्व्ह असतील तर त्यांचा खर्च, टेम्पोभाडं आणि थोडी त्रासाची भरपाई एवढीच ठेवा. दोन लाख लिहिले की खरे ११,८०० सुद्धा संशयास्पद दिसायला लागतात.

व्हिंटेजचं मनातून काढून टाका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या तरतुदीप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी, तीही मूळ रूपातली. सीडी १०० भारतात आलीच १९८५ साली. म्हणजे २०३५ पर्यंत या मॉडेलच्या एकाही गाडीला तो मान नाही.

आरसीचं मात्र खरंच लावून घ्या. तुमचा आणि गॅरेजवाल्याचा करार तुमच्यात झाला, त्यामुळे आरसी आप्पांच्या नावावर आहे म्हणून तुमची तक्रार फेटाळली जाणार नाही. पण त्याच्या वकिलाचा पहिला प्रश्न तोच असेल. वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं नाहरकत पत्र लागेल. १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण झालं आहे का आणि विमा चालू आहे का तेही तपासा. नसेल तर विदगावपर्यंतची ती 'मस्त' फेरी हाच वेगळा गुन्हा ठरतो. त्याने इंजिनाचा दोष पुसला जात नाही, पण तक्रारीत 'गाडी घरीच उभी होती' असं मात्र लिहू नका.

आता नोटीस. चार ओळी पुरेत: "इंजिन बंद अवस्थेत ठेवावे. माझ्या गैरहजेरीत उघडू नये. उघडल्यास पुरावा नष्ट केल्याचे आयोगासमोर मांडले जाईल. अमुक दिवशी अमुक ठिकाणी संयुक्त तपासणीस हजर राहावे." आज व्हॉट्सॲपवर पाठवा, उद्या स्पीड पोस्टने, पोचपावती जपून. आणि गाडी ताब्यात आल्यावर, 'बघू तरी' म्हणून कुणालाही किक मारू देऊ नका.