एक्सेलमध्ये तीन वर्षांचे महिनावार आकडे स्तंभालेखात कसे मांडावेत, म्हणजे वर्षांची तुलना चटकन दिसेल?

तुमच्याकडे वाचनालयातून दर महिन्याला किती पुस्तकं वाचकांकडे गेली याचे २०२३, २०२४ आणि २०२५ चे आकडे आहेत, त्यातले २०२५ चे सप्टेंबरपर्यंतचेच. एकाखाली एक महिने आणि वरच्या ओळीत वर्षं, अशी सारणी आहे. स्तंभालेख काढला की डाव्या टोकाला ‘महिना’ नावाखाली तीन भलतेच स्तंभ येतात, लेजंडमध्ये (कोणता रंग कशाचा ते सांगणाऱ्या सूचीत) वर्षांऐवजी ‘सिरीज १’, ‘सिरीज २’ दिसतं, आणि ते कसंबसं निस्तरलं तरी कोणतं वर्ष कुठे पुढे होतं ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. यातली पहिली अडचण दोन मिनिटांत सुटते. दुसरीला जरा विचार लागतो, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

आधी ते भलते स्तंभ. वरच्या ओळीतली २०२३, २०२४, २०२५ ही तुमच्या दृष्टीने नावं आहेत, पण एक्सेलच्या दृष्टीने ते आकडेच आहेत. म्हणून तो तेही आलेखात काढतो: २०२३ उंचीचा एक स्तंभ, २०२४ उंचीचा दुसरा, आणि ओळीचं नाव म्हणून कोपऱ्यातला ‘महिना’ हा शब्द. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चार्ट घालण्याआधी डावीकडचा वरचा कोपऱ्यातला सेल रिकामा करायचा. कोपरा रिकामा दिसला की पहिली ओळ आणि पहिला कॉलम ही नावं आहेत, हे एक्सेल ओळखतो. मला स्वतःला दुसरा उपाय अधिक आवडतो: सारणीत कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा आणि तिचं रीतसर टेबल करा. टेबलाची शीर्षकं एक्सेल नेहमी मजकूर म्हणूनच ठेवतो, त्यामुळे वर्षांचा गोंधळ मुळातच संपतो. शिवाय ऑक्टोबरच्या रांगेत आकडा भरलात किंवा पुढच्या वर्षाचा कॉलम जोडलात की आलेख आपोआप वाढतो. आधीचा बिघडलेला चार्ट दुरुस्त करत बसू नका. तो काढून टाकून नवा घालणं लवकर होतं.

आता तुलनेकडे वळू. आलेखाला हात लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल: वाचकाने कोणते दोन स्तंभ एकमेकांशी ताडून बघावेत? यंदाचा जून आणि गेल्या वर्षीचा जून? की यंदाचा मे आणि यंदाचा जून? डोळा शेजारशेजारच्या स्तंभांची तुलना फार अचूक करतो आणि लांबलांबच्या स्तंभांची बरीच ढोबळ. म्हणून ज्यांची तुलना हवी ते स्तंभ शेजारी आणायचे आणि बाकी सगळं शांत करायचं. पुढे मी जे जे सांगतोय ते सगळं यातूनच निघतं, त्यामुळे एखादी सेटिंग विसरलात तरी हे लक्षात असलं की पुरे.

तुम्हाला वर्षांची तुलना हवी आहे. म्हणजे आडव्या अक्षावर महिने आणि प्रत्येक महिन्याच्या गटात तीन वर्षांचे तीन स्तंभ. नेमकं उलट आलं असेल, म्हणजे अक्षावर तीन वर्षं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बारा रंगांचे बारा स्तंभ, तर ‘चार्ट डिझाइन’ टॅबमधलं ‘स्विच रो/कॉलम’ एकदा दाबा. हे बटण मला त्या सबंध टॅबमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण आकडे तेच ठेवून ते आलेखाचा प्रश्नच बदलतं.

प्रकार ‘क्लस्टर्ड कॉलम’ घ्या, म्हणजे गटातले स्तंभ शेजारीशेजारी उभे राहतात. एकावर एक रचलेला ‘स्टॅक्ड कॉलम’ इथे कामाचा नाही. त्यात सगळ्यात खालचं वर्षच सपाट पायावर उभं असतं. वरची दोन वर्षं दर महिन्याला वेगळ्या उंचीवरून सुरू होतात आणि त्यांची लांबी मनात मोजावी लागते. १९८४ साली विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी प्रयोगांतून हेच दाखवलं होतं, की एकाच सामाईक मोजपट्टीवरच्या जागा माणूस ज्या अचूकपणे ताडतो, तितक्या अचूकपणे त्याला सुट्या लांब्या किंवा कोन ताडता येत नाहीत. त्रिमितीचे प्रकारही बाजूला ठेवा. त्यात स्तंभाचं टोक नेमकं कोणत्या रेषेला टेकतं तेच समजत नाही.

यानंतर अंतरं. कोणत्याही स्तंभावर क्लिक करून कंट्रोल आणि १ दाबलं की उजवीकडे फॉरमॅटची पट्टी उघडते. तिथे ‘सिरीज ओव्हरलॅप’ आणि ‘गॅप विड्थ’ असे दोन सरकते दांडे असतात. अलीकडच्या आवृत्त्यांत क्लस्टर्ड कॉलमसाठी हे आधीपासून उणे २७ आणि २१९ टक्के असतात. म्हणजे एकाच महिन्याचे तिन्ही स्तंभ एकमेकांपासून सुटे, आणि दोन महिन्यांच्या मध्ये एका स्तंभाच्या दुपटीहून जास्त मोकळी जागा. छत्तीस स्तंभांच्या आलेखात एवढी जागा वाया घालवणं परवडत नाही. ओव्हरलॅप शून्यावर आणा म्हणजे तिघे एकमेकांना चिकटतील, आणि गॅप ६० ते ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा. गटातले लोक खांद्याला खांदा लावून उभे आणि दोन गटांत नजर शिरेल एवढी फट, असं दिसलं की अंतर जमलं. गॅप अगदी शून्य करू नका; मग महिना कुठे संपला तेच समजत नाही.

रंगांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. तीन वर्षांना निळा, नारिंगी आणि करडा असे तीन सारख्याच जोराचे रंग दिले की वाचकाला दर गटात लेजंडकडे परत जावं लागतं. वर्षांना स्वाभाविक क्रम आहे, तो रंगात दिसू दे. एकाच रंगाच्या तीन छटा घ्या: २०२३ फिकट, २०२४ मध्यम, २०२५ गडद. किंवा जुनी दोन्ही वर्षं करड्या छटांत आणि फक्त चालू वर्षाला रंग. मी बहुतेक वेळा हेच करतो. काळ्यापांढऱ्या छपाईतही फरक टिकतो, आणि ज्यांना लाल-हिरवा भेद कळत नाही त्यांचीही अडचण होत नाही. लेजंड वर, शीर्षकाच्या खाली, डावीकडून उजवीकडे २०२३, २०२४, २०२५ या क्रमाने असू द्या, म्हणजे गटातला क्रम आणि लेजंडचा क्रम एकच राहतो.

उभा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. स्तंभाची लांबी हाच त्याचा अर्थ आहे, आणि तळ कापला की अर्थच बदलतो. समजा एका महिन्यात ९०० पुस्तकं गेली आणि दुसऱ्यात ९५०. अक्ष ८५० पासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट दिसेल, प्रत्यक्षात वाढ साडेपाच टक्क्यांची. आकडे एकमेकांच्या फार जवळ असले तर एक्सेल कधीकधी स्वतःहूनच शून्य सोडून वरून सुरुवात करतो, म्हणून ‘फॉरमॅट ॲक्सिस’मध्ये ‘मिनिमम’ला हाताने शून्य टाकून ठेवा. एखादं वर्ष ‘सेकंडरी ॲक्सिस’वर, म्हणजे उजवीकडच्या दुसऱ्या उभ्या अक्षावर, टाकण्याचा मोहही टाळा. दोन अक्षांची प्रमाणं वेगळी झाली की शेजारच्या स्तंभांची तुलना खोटी ठरते, आणि बघणाऱ्याला ते लक्षातही येत नाही.

ग्रिडलाइन (स्तंभांमागच्या आडव्या रेषा) फिकट करड्या ठेवा, संख्येने कमी. छत्तीस स्तंभांवर छत्तीस आकडे लिहू नका. डेटा लेबल, म्हणजे स्तंभावरचे आकडे, फक्त चालू वर्षावर लावा, तेही जागा पुरत असेल तर.

अपुऱ्या वर्षाचं मात्र जपून करा, कारण इथे आलेख नकळत चुकीचं बोलतो. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ च्या सेलमध्ये शून्य लिहू नका, ते रिकामे राहू द्या. शून्य म्हणजे एकही पुस्तक गेलं नाही, रिकामं म्हणजे महिना अजून यायचा आहे. त्या सेलमध्ये सूत्र असेल आणि ते रिकामा मजकूर देत असेल, तर एक्सेल त्याला शून्यच धरतो आणि लेबलात शून्य उमटतं. लेबलाच्या नंबर फॉरमॅटमध्ये #,### असं लिहिलं की ते शून्य दिसेनासं होतं. आणि वार्षिक बेरजेचा वेगळा छोटा आलेख करणार असाल तर तिन्ही वर्षांचे जानेवारी ते सप्टेंबर एवढेच महिने घ्या. नऊ महिन्यांची बारांशी तुलना करून ‘यंदा घट’ म्हणणं वाचनालयात काम करणाऱ्यांवर अन्याय आहे. जाता जाता: २०२४ च्या फेब्रुवारीत २९ दिवस होते, तेवढ्यानेच त्या महिन्याचा आकडा साडेतीन टक्क्यांनी वर जाऊ शकतो. फरक लहान असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नका.

इतकं सगळं करूनही छत्तीस स्तंभ हे छत्तीसच. ते एका छोट्या चौकटीत मावत नसतील तर दोन वाटा आहेत. पहिली, महिन्यांऐवजी तिमाही घ्या. बारा स्तंभांत चित्र लख्ख दिसतं. दुसरी मला जास्त पटते: ‘चेंज चार्ट टाइप’मधल्या ‘कॉम्बो’मध्ये जाऊन २०२५ स्तंभ म्हणून ठेवा आणि २०२३, २०२४ यांच्या बारीक करड्या रेषा करा, सगळे एकाच अक्षावर. मग प्रत्येक महिन्याला यंदाचा स्तंभ गेल्या वर्षीच्या रेषेच्या वर गेला की खाली राहिला, एवढंच बघायचं उरतं. लांबलचक काळासाठी रेषा आणि थोड्या नोंदींसाठी स्तंभ ही विभागणी फार जुनी आहे. आलेखांचा आद्य प्रवर्तक मानला जाणारा स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा पट्ट्यांचा आलेख छापला तो मुळात नाइलाजाने: इंग्लंडच्या इतर देशांशी चालणाऱ्या व्यापाराच्या वर्षानुवर्षांच्या रेषा त्याने काढल्या होत्या, पण स्कॉटलंडचे एकाच वर्षाचे आकडे हाताशी होते, मग सतरा ठिकाणांसाठी पट्ट्या काढल्या. तुमच्याकडे पुढेमागे आठ-दहा वर्षांचे आकडे जमले तर सरळ रेषालेखावर जा.

शीर्षक शेवटी लिहा, पण लिहाच. ‘पुस्तकांची देवघेव २०२३-२०२५’ याने विषय कळतो. आकड्यांतून जे दिसतंय ते एका वाक्यात लिहिलंत, जसं की ‘जूनपासून देवघेव गेल्या वर्षीपेक्षा सातत्याने जास्त’, तर वाचकाला कुठे बघायचं ते कळतं. अर्थात आकडे तसं सांगत असतील तरच. किती पुस्तकं, कोणत्या काळातली, हे त्याखाली लहान अक्षरांत द्या.

मनासारखा झाला की चार्टवर राइट क्लिक करून ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ करा. पुढच्या वेळी नवा चार्ट घालताना ‘ऑल चार्ट्स’मधल्या ‘टेम्प्लेट्स’मध्ये तो मिळेल, आणि रंग-अंतरं पुन्हा लावावी लागणार नाहीत. फक्त अक्षाची कमाल मर्यादा हाताने टाकली असेल तर ती परत ‘ऑटो’वर न्या, नाहीतर त्याहून मोठा आकडा आला की स्तंभाचं डोकं कापलं जाईल. जानेवारीत २०२६ चा कॉलम जोडाल तेव्हा गडद रंग त्याला द्या, २०२५ ला मागच्या छटेत ढकला, आणि २०२३ ला चार्टशेजारच्या फनेलच्या बटणातून खूण काढून लपवा. टेबलातले त्याचे आकडे तसेच राहतात.