होई आनमध्ये भावाच्या लग्नासाठी सूट शिवून घ्यावा का? आम्ही तिथे दोनच रात्री आहोत.

तुम्ही विचारलंय की मार्चमध्ये व्हिएतनामला जाताय, होई आनमध्ये २४ तासांत सूट शिवून मिळतो असं ऐकलंय, तर भावाच्या लग्नासाठी स्वतःचा सूट आणि बहिणीसाठी काहीतरी तिथेच शिवून घ्यावं का.

शिवून घ्या, जरूर घ्या. फक्त दोन रात्रींत नको. किमान चार रात्री तिथे काढा. आपल्याकडच्या बहुतेक टूरमध्ये मुक्काम जवळच्या दा नांग शहरात ठेवतात आणि होई आनला संध्याकाळी कंदील बघायला नेऊन आणतात. तुम्ही ते उलटं करा. दोन्ही गावांत जेमतेम ३० किलोमीटरचं अंतर आहे. मार्बल माउंटन्स तर वाटेतच लागतात, आणि बा ना हिल्सही होई आनहून एका दिवसात होतं. मुक्काम होई आनला ठेवलात की सहलीचं काही बुडत नाही आणि शिंप्याला हवा तेवढा वेळ मिळतो.

वेळेवर एवढा भर का देतेय ते सांगते. माझे वडील मिरजेत शिंपीकाम करायचे. काज-बटणं करत, कच्चे टाके उसवत मी त्यांच्या दुकानात मोठी झाले. तरीही २०१९ मध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन रात्रींतच यांचा सूट उरकला. दुकान हॉटेलवाल्यांनी सुचवलेलं. संध्याकाळी मापं, दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रायल, रात्री नऊला पिशवी हातात. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांत कोट झकास दिसत होता. घरी आल्यावर बाबांनी यांना तो घालायला लावला आणि म्हणाले, "आता हात वर करा." हात वर गेले तसा अख्खा कोट कानापर्यंत वर आला. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, फार खाली कापला होता. खांदे दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जास्त. कंबर थोडी सैल करून द्यावी म्हणून बाबांनी बाजूची शिवण उसवली, तर आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, दोन सूतसुद्धा सोडलेली नव्हती. त्यांनी कोट घडी घालून बाजूला ठेवला. कंबर, बाही, पँटची उंची हे सगळं नंतर दुरुस्त होतं, पण खांदा आणि मुंढा चुकला की कोट पुन्हा कापावा लागतो, आणि कापायला कापड तर उरलेलं नसतं.

एक गोष्ट तिथे गेल्याशिवाय कळत नाही. समोर बसून मापं घेणारी मुलगी आणि कपडा शिवणारा माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात. शिवणकाम गावात दुसरीकडे, कारखान्यात किंवा कुणाच्या घरी चालतं आणि कापडाचे गठ्ठे मोटरसायकलवरून ये-जा करतात. म्हणून तुम्ही तोंडी सांगितलेलं पुढे पोचेलच असं नाही. जे हवंय ते ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या: खिसा तिरका की सरळ, मागे एक कट की दोन, अस्तर पूर्ण की अर्धं, पँटला चुण्या हव्यात की नकोत. नुसतं मोबाइलवरचं चित्र दाखवून थांबू नका. त्याहून चांगलं म्हणजे घरातला अंगावर चोख बसणारा एखादा शर्ट किंवा कोट सोबत न्या. हातातल्या कपड्यावरून तसाच दुसरा बेतण्यात तिथली माणसं फार तरबेज आहेत.

२०२४ मध्ये पुन्हा गेलो तेव्हा पाच रात्री ठेवल्या होत्या. जुन्या गावाच्या जरा बाहेर, नदीपासून लांब, लहानसं दुकान शोधलं. दुकानाची मालकीणच कापायची. व्हिएतनामीत मोठ्या बहिणीला 'चि' म्हणतात आणि आपण अनोळखी बाईला ताई म्हणतो तशीच हाकही मारतात, म्हणून मीही तिला चि म्हणू लागले. यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली आहे, हे तिनं टेप लावायच्या आधी, नुसतं मागे उभं राहून बघितलं आणि टिपून ठेवलं. तिसऱ्या दिवशी पहिली ट्रायल. कोट पांढऱ्या कच्च्या दोऱ्यावर, बाही एकच, कॉलर नाही. तिनं यांना बसायला लावलं, हात पुढे घ्यायला लावले, खिशात मोबाइल ठेवायला लावला. मग मुंढ्यापाशी खडूची एक बारीक रेघ ओढली आणि एका झटक्यात ती बाही कच्च्या दोऱ्यांसकट ओढून काढली. यांचा चेहरा पडला, मला मात्र आमच्या दुकानात उभी असल्यासारखं वाटलं, कारण बाबा अगदी असंच करायचे. ज्या दुकानात पहिल्या ट्रायललाच काज-बटणांसकट तयार कोट अंगावर चढवतात, तिथे पुढे फारसं काही बदलणार नाही हे समजा.

त्याच फेरीत मी माझ्यासाठी खणाचं कापड नेलं होतं, जाकीट शिवायला. पारंपरिक खणाचा पन्हा (रुंदी) लहान, त्यामुळे पाठीत जोड येणार हे उघड होतं. चिने आधी कागद कापून कापडावर मांडला, दोनदा सरकवला आणि जोड बरोबर पाठीच्या मधोमध आणून दोन्हीकडची बुट्टी जुळवली. हे कापड तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. आपलं कापड न्यायचं असेल तर आधी विचारून घ्या, सगळी दुकानं तयार होत नाहीत. सूटसाठी मोठ्या पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड पुरतं.

कापडाबाबत मात्र सावध राहा. 'शंभर टक्के सिल्क' आणि 'कॅशमीर' या पाट्यांवर जाऊ नका. कडेचा एक धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडी लावून बघा. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. खरा माल विकणारा दुकानदार धागा द्यायला कुरकुरत नाही. कोटाच्या आत काय आहे तेही बघा. शेवटच्या बटणाच्या खाली पुढ्याचे दोन पदर चिमटीत धरून एकमेकांपासून ओढा. मध्ये तिसरा सुटा पदर हाताला लागला तर आत कॅनव्हास आहे. नाही लागला तर अस्तराखालचा पदर इस्त्रीनं चिकटवलाय. चिकटवलेला कोट स्वस्त पडतो, पण आपल्या दमट हवेत आणि ड्रायक्लीनिंगमध्ये पुढे त्याला फुगे येऊ शकतात. लग्नानंतरही वर्षानुवर्षं घालायचा असेल तर निदान छातीपुरता कॅनव्हास मागा. लग्न उन्हाळ्यात असेल तर जाड लोकर नको, लिनन किंवा हलकं लोकरीचं कापड घ्या.

पैशांचं म्हणाल तर आम्ही २०२४ मध्ये गेलो तेव्हा एका रुपयाला साधारण ३०० डाँग पडत होते. छातीत कॅनव्हास असलेल्या सूटचे ५५ लाख डाँग, म्हणजे १८ हजारांच्या आसपास दिले. सुती शर्ट दोन हजारांपर्यंत पडला. याहून खूप स्वस्तात सांगणारे भेटतील, पण त्यांचं कापड धाग्याची परीक्षा केल्याशिवाय घेऊ नका. आगाऊ निम्मे द्या, उरलेले शेवटच्या ट्रायलनंतर. आणि नोटा देताना नीट बघा, २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या दोन्ही नोटा निळ्या असतात. रात्रीच्या उजेडात चूक व्हायला वेळ लागत नाही.

बहिणीसाठी माझ्या मते आओ दाय शिवा. दोन लांब पदरांचा अंगरखा आणि खाली सैल पँट. व्हिएतनामी बायका लग्नात आणि तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, सणाला तो घालतात, आणि कित्येक शाळांत मुलींचा पांढरा आओ दाय हाच गणवेश असतो. आजचं त्याचं अंगाबरोबर बसणारं रूप १९३० च्या दशकात हनोईतल्या चित्रकारांच्या हातून घडत गेलं. बाजूचा चिरा कमरेच्याही वरून सुरू होतो, त्यामुळे पँट त्याचाच भाग आहे, लेगिंग्जवर घालू नका. मापं खूप लागतात, म्हणून बहीण सोबत असेल तरच शिवा. फोनवर कळवलेल्या मापांवर आओ दाय बसत नाही.

भावाची शेरवानी मात्र तिथे नका शिवू. जरीकाम आणि भरतकामाचा हात आपल्याकडच्या कारागिरांचा आहे, त्यासाठी एवढं लांब जायचं कारण नाही.

मार्च निवडलात हे चांगलं केलंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थु बोन नदीचं पाणी जुन्या गावात शिरतं, आणि तेतच्या आधी सगळे शिंपी कामात बुडालेले असतात. पोचलात की कंदील, बाजार, खाणं सगळं मागे ठेवून आधी मापं देऊन या, त्याच दिवशी. घड्याळ तिथून चालू होतं. ट्रायलला लग्नात घालायचेच बूट आणि शर्ट घालून जा, नाहीतर पँटची उंची आणि बाहीखालून दिसणारा कफ दोन्ही चुकतात. प्रत्येक शिवणीत एक इंच माया ठेवायला सांगा आणि कागदावर लिहून घ्या. शेवटच्या दिवशी उरलेलं कापड, चार जादा बटणं आणि तुमच्या मापांच्या कागदाचा फोटो मागून आणा.