एआरडी ‘सरकारी वाहिनी’ आहे का?

प्रश्न असा आहे: जर्मनीतल्या एआरडी, झेडडीएफ या वाहिन्यांना मराठी बातम्यांत ‘सरकारी वाहिनी’ म्हटलेलं दिसतं. ते बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावं?

बरोबर नाही. उलट सरकारच्या हाती जाऊ नये म्हणूनच तर तिथली सगळी रचना उभी राहिली. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने रेडिओला कसं प्रचाराचं हत्यार बनवलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे युद्धानंतर प्रसारण केंद्राकडे न ठेवता प्रांतोप्रांती वाटून दिलं. हॅम्बुर्गची एनडीआर, कोलोनची डब्ल्यूडीआर, म्युनिकची बीआर अशा प्रांतिक संस्थांचा संघ म्हणजे एआरडी (१९५०). चॅन्सेलर आडेनाउअर यांना केंद्राच्या मुठीतली दुसरी वाहिनी हवी होती. ती १९६१ मध्ये घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. मग प्रांतांनीच आपसांत करार करून झेडडीएफ काढली. तिच्या देखरेख मंडळात सरकारशी जोडलेली माणसं एक तृतीयांशाहून जास्त नसावीत, असंही याच न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं. म्हणजे राजकारणी तिथेही घुसतातच, फक्त त्यांना आवरणारं कुणीतरी आहे.

पैसाही सरकारी तिजोरीतून येत नाही. २०१३ पासून घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे ठरावीक रक्कम भरावी लागते. २०२१ पासून ती महिना १८.३६ युरो आहे. किती पैसा लागेल ते स्वतंत्र आयोग सांगतो आणि सगळ्या १६ प्रांतांची संमती लागते. २०२० च्या अखेरीस झाक्सन-आनहाल्ट प्रांत अडून बसला आणि १८.३६ युरोपर्यंतची ही वाढ रखडली. पुढच्या वर्षी न्यायालयाने ती लागू करायला लावली. या रकमेला जर्मनीत ‘बायट्राग’ म्हणतात, म्हणजे सरळ आपली वर्गणी. फक्त ही सक्तीची. (मंडळाची पोरं दारात उभी राहिल्यावर आपलीही कितपत ऐच्छिक उरते, ते सोडा.)

मग शब्द कोणता? ‘सार्वजनिक प्रसारक’ मला पटतो. अडचण एवढीच की मराठीत ‘सार्वजनिक’ दोन तोंडांनी बोलतं. सार्वजनिक गणपती लोकांचा असतो, पण सार्वजनिक बांधकाम खातं आणि सार्वजनिक क्षेत्रातली बँक सरकारची. शिवाय प्रसारभारती कायद्याने स्वायत्त असूनही दूरदर्शनला आपण सर्रास सरकारीच म्हणतो, आणि तीच सवय जर्मनीला लावतो. म्हणून बातमीत पहिल्यांदा उल्लेख येईल तेव्हा ‘नागरिकांच्या शुल्कावर चालणारी सार्वजनिक वाहिनी’ असं लिहावं, पुढे नुसतं ‘सार्वजनिक वाहिनी’ चालेल. ‘लोकप्रसारक’ शब्द सुटसुटीत आहे, पण ‘लोकप्रिय प्रसारक’ असा गैरसमज व्हायचा.

डॉइच वेले मात्र वेगळी. परदेशांतल्या श्रोत्यांसाठी चालणारी ही संस्था केंद्राच्या अंदाजपत्रकातून, म्हणजे करांच्या पैशांवर चालते. बातम्या काय द्यायच्या हे तीही स्वतःच ठरवते. तिला ‘सरकारी निधीवरची’ म्हणा, ‘सरकारी’ नको.