जुना स्टोनवेअरचा जग: वय आणि किंमत कशी ठरवायची?

आधी तो जग (मोठं भांडं) स्टोनवेअरचाच, म्हणजे खूप तापवून दगडासारख्या कठीण केलेल्या मातीचाच आहे ना, ते पाहा. जग उलटा करून तळाच्या झिलई (काचेसारखा चकचकीत थर) नसलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाका. स्टोनवेअर सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजलेलं असतं, त्यामुळे थेंब तसाच राहतो. पटकन जिरला तर ती साधी भाजकी माती.

मग झिलई बघा. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत म्हणजे मिठाची झिलई. तापलेल्या भट्टीत मीठ टाकून ती करत. अमेरिकी जग असेल तर आकार फार बोलका असतो: खांद्याशी फुगीर आणि तळाशी निमुळता जग साधारण 19व्या शतकाच्या पूर्वार्धातला, सरळ उभ्या बाजूंचा नंतरचा. अशा जगावरचा 2 किंवा 3 हा आकडा त्यात किती गॅलन मावतात त्याचा असतो, अनेकजण त्याला साल किंवा क्रमांक समजतात. देशाचं नाव छापलेलं असेल तर जग बहुधा 1891 नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेत आयात मालावर ते सक्तीचं झालं.

बाजूने साच्याची उभी शिवण दिसली तर तो चाकावर घडवलेला नाही.

किंमत मुख्यतः कोबाल्ट या रंगद्रव्याने काढलेल्या निळ्या चित्रावर ठरते. पक्षी, प्राणी, माणसं असलेला जग साध्या जगाच्या कित्येक पट किमतीला जातो. कुंभाराचा शिक्का त्यात भर घालतो. आरपार तडा मात्र किंमत बरीच पाडतो. लपवलेली डागडुजी अतिनील दिव्याखाली बऱ्याचदा वेगळी चमकते. आणि कृपा करून ब्लीचने घासू नका! तुलना करताना विक्रेत्याने मागितलेली नाही, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत धरा.