गाय झोपत नाही? आधी तिची बसायची जागा चाचपून बघा

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "गाय व्यायल्याला महिना झाला. खाते नीट, पण रात्री कधीही गोठ्यात जावं तर ती जागीच, रवंथ चालू. अंगणातला कुत्रा मात्र दिवसभर झोपतो. गाईला काही आजार असेल का?"

ताई, खाणं आणि रवंथ नीट चालू आहे, तेव्हा जागरणाची काळजी नको. गाईची खरी झोप चोवीस तासांत साधारण 4 तासच, तीही तुकड्या-तुकड्यांनी. बाकी ती रवंथ करता करता डुलकी घेते. कुत्रा 10-12 तास झोपतो, मांजर त्याहून जास्त आणि रानातला हत्ती जेमतेम 2 तास. गवतातून पोट भरायचं तर चरायला सात-आठ तास आणि रवंथाला जवळपास तितकेच लागतात. शिवाय वाघाच्या भीतीनं सावध राहणं गुरांच्या रक्तातच आहे.

गाढ झोपेत गाय मान मागे वळवून तोंड बरगडीवर टेकवते, तेही काही मिनिटंच. दावं आखूड असेल तर तिला मान वळवताच येत नाही. आज रात्री ते हातभर सैल करून बघा.

मला खरी काळजी वाटते ती बसण्याची. दुभत्या गाईला दिवसाचे 10-12 तास बसायला मिळायला हवं. ती बसली की कासेकडे रक्त जास्त जातं, खुरांनाही आराम मिळतो. आपल्याकडे श्रावणात पागोळ्यांचं पाणी आत येतं, जमीन ओली राहते आणि ओल्यात बसण्यापेक्षा बिचारी उभी राहते. तुम्ही स्वतः तिच्या जागेवर गुडघे टेकून बघा. लुगडं भिजलं तर ती जागा बसण्याजोगी नाही. उतार मोरीकडे काढा, खाली सुका पातेरा किंवा भाताचा पेंढा जाड पसरा आणि ओला झालेला रोज काढा. डासांसाठी सोडणांचा, म्हणजे नारळाच्या वाळक्या सालांचा, धूर करता, तो कोंडू देऊ नका.

याच ताईंच्या शेजाऱ्यांनी अंड्यांच्या कोंबड्यांना रात्रभर दिवा ठेवू का, असं विचारलंय. नको. दिवसाचा उजेड धरून 16 तास पुरेत, उरलेले 8 तास अंधार द्याच.

गाय दिवसभरात एकदाही बसली नाही, बसलेली उठेना किंवा रवंथ थांबला, तर मात्र सकाळची वाट न बघता पशुवैद्यकांना बोलवा.